हिरव्या पडद्याच्या माडीवर

हॅलो?… हॅलो, कोण बोलतंय?… अगं मेर्चे, तू होय. थांब हं, मशीन बंद करते… शिवणाचं मशीन गं, माझ्या घरात दुसरं कुठलं असणार… नाही नाही, काही शिवत नव्हते. सासूबाईंचा परकर उसवला होता, तो जरा… हां, बोल आता.

मी? मी बरी आहे. हा लेवान्ते वारा सुटल्यापासून डोकं ठणकतंय तेवढंच. सकाळी दोरीवरची चादर उडून खालच्या बाईच्या कुत्र्यावर पडली. कुत्रं अजून पलंगाखालून बाहेर येत नाही म्हणे… तुझं काय?… आवाज असा का येतोय?… रडतेयस?… बरं, रडत नाहीयेस, सर्दी झालीय. मेर्चे, सर्दीत माणूस शिंकतो. हुंदके देत नाही.

कुठला पडदा?… माझ्या बाल्कनीला?… हिरवा… हो, म्हणजे आहे एक हिरवा. ऊन येतं म्हणून लावला… फेब्रुवारीत म्हणजे काय, कादिझमध्ये फेब्रुवारीत ऊन नसतं का?… पण तू कधी बघितलास?… आज? तू आमच्या ला विन्या वस्तीत आली होतीस, माझ्या दारावरून गेलीस आणि वर नाही आलीस? नाताळानंतर पाऊल टाकलं नाहीस घरात, आणि रस्त्यावरून पडदे बघून जातेस?… मी बोलावलं नाही? अगं, इतकी वर्षं तू काय आमंत्रणं घेऊन यायचीस? सरळ येऊन माझ्या पातेल्यात चमचा घालायचीस…

कोण?… कुर्रो? तुझा कुर्रो?… माझ्या जिन्यातून बाहेर पडताना. बरं… हो… नाही, म्हणजे हो, आला होता. नळ गळत होता… स्वयंपाकघरातला… त्याला नळातलं काही कळत नाही? तेच ना, म्हणून अजून गळतोय.

फाली का नाही दुरुस्त करत? अगं, माझ्या नवऱ्याला आज नळ सुचतोय का? आज संध्याकाळी त्याचं मंडळ थिएटरात गाणार. कार्निव्हलच्या दिवसांत तो माझा नवरा नसतोच, त्या बारा गाणाऱ्यांचा बाप असतो. सकाळीच गेला. मंडळाच्या खोलीत सगळ्यांचे फोन बादलीत गोळा करून ठेवलेत, कुणी बाहेर एक अक्षर बोलू नये म्हणून… थांब, सासूबाई विचारतायत कोण आहे… मेर्चे आहे, सासूबाई. मेर्चे. कुर्रोची बायको… टीव्हीचा आवाज कमी करा म्हणजे ऐकू येईल… काही नाही गं, काही नाही म्हणाल्या… बरं, ऐकलंस तर ऐकलंस. "तो जाड्या कालही आला होता, परवाही आला होता," असं म्हणाल्या. वय झालंय त्यांचं.

…हो. येतो रोज. रविवार सोडून.

मेर्चे, ऐक… अगं ऐक ना… हो… हो… बनियनला कापूस चिकटलेला… बरं… मांडीवर टोचल्याची खूण. कुठल्या मांडीवर?… उजव्या. नाही, सहज विचारलं… बाथरूममध्ये गातो… आरशासमोर कमरेतून हलतो. कंबर दुखते म्हणून यंदा मंडळात गात नाहीये आणि कमरेतून हलतो. बरं… हे सगळं खरं असेल गं, पण त्याचा अर्थ…

माझं आणि कुर्रोचं?

मेर्चे, तो शब्द परत घे… नाही घेत?… हसू नको तर काय करू? चिपिओनाला चौघं एका तंबूत झोपलो होतो तेव्हा तुझ्या नवऱ्याच्या घोरण्याने शेजारचे लोक सामान बांधून निघून गेले होते. त्या माणसावर मी भाळू?… हसले म्हणून रागावू नकोस. अगं, फोन नको ठेवू. ठेवलास तर मी तुझ्या घरी येईन, आणि या वाऱ्यात मला बसची वाट बघायला लावू नकोस.

काय?… आज सगळ्या कादिझला कळणार? कसं कळणार?… दीपगृहवाले गाणार? आमच्या फालीचं मंडळ? कुठलं गाणं?… म्हण… म्हणून दाखव ना, मला कशाला लाजतेस…

"हिरव्या पडद्याच्या माडीवर, पाहुणा येतो भर दुपारी…" पुढे?… "नवरा तिचा भोळा राजा, शिंगं मिरवतो डोक्यावरी."

चांगलं आहे गं… चांगलं म्हणजे वाईटच आहे, पण बांधलंय चांगलं. थिएटर डोक्यावर घेतील… थांब. हिरवा पडदा माझा. पाहुणा तुझा. आणि भोळा राजा म्हणजे… अरे देवा. फाली. हे फालीच गाणार? बायको दुसऱ्याकडे गेली की ज्याच्या डोक्याला शिंगं फुटतात, तो हाच, आणि हाच उभा राहून, छाती फुगवून, रेडिओवर… आणि लोक आधी पडद्यावरून ओळखणार, मग त्याच्याकडे बघून हसणार, आणि याला वाटणार गाणं जमलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

नाही, त्याला माहीत नाही. खरंच नाही. त्याने तो पडदा जन्मात पाहिलेला नाही. दुपारी तो गेला की मी सोडते, यायच्या आत गुंडाळून पलंगाखाली ठेवते… लपवते म्हणजे?… हो, लपवते. पण तू समजतेस त्यासाठी नाही… मग कशासाठी ते… ते सांगता येत नाही.

शपथ घेतलीय. रोझारिओ मातेची. मेणबत्ती लावून… प्रेमाची शपथ कोण मेणबत्ती लावून घेतं, मेर्चे? डोकं आहे का ठिकाणावर?… रडू नकोस गं… मेर्चे… नको ना असं म्हणूस. "बहिणीसारखी होतीस," काय, होतीस काय? अजून जिवंत आहे मी…

बरं. बरं, ऐक. तू पण शपथ घे. तुझ्या आईची नको, तिची तू कितीदा तरी मोडलीयस. रोझारिओ मातेची घे. थिएटरचा पडदा वर जाईपर्यंत कुणाला एक शब्द नाही. कुर्रोलाही नाही. घेतलीस?… मोठ्याने… हं.

मी तानोच्या मंडळाची सोंगं शिवतेय.

…हॅलो?… मेर्चे?… आहेस ना?… हो, तानो. तोच तानो. ज्याचं नाव जेवताना निघालं तर फाली ताट सारून उठतो. त्याने याची चाल चोरली, की याने त्याची चोरली, ते देवालाच माहीत… मला कळतंय गं. यापेक्षा कुर्रोशी लफडं केलं असतं तर परवडलं असतं. आठवडाभर ओरडून फालीने ते माफ केलं असतं. हे नाही करणार.

आणि तुझा कुर्रो त्याच मंडळात आहे… अगं, कंबर नाही दुखत त्याची. कमरेवर आठ हातांचं सोंग पेलतोय तो… ऑक्टोपस… ऑक्टोपस म्हणतेय. बाराच्या बारा जण ऑक्टोपस. दोन हात आपले, सहा कापूस भरून शिवलेले. म्हणून बनियनला कापूस. आणि मांडीला टोचलं ते माझीच टाचणी, सहावा हात लावताना हलला मेला. उजवीच ना? म्हणून तर विचारलं… पडदासुद्धा त्याच हिरव्या कापडाचा उरलेला तुकडा आहे. समोरच्या गच्चीवरून कुणी बघू नये म्हणून लावला… कापूस कोण भरतं? सासूबाई… हो, फालीची सख्खी आई. आता तुझ्याशी बोलतेय तेव्हाही त्यांच्या मांडीवर एक हात आहे. त्यांना वाटतं उशा भरतोय… काय सासूबाई?… "उशा नाहीत, मला सगळं माहीत आहे," म्हणतायत. घ्या.

तुला का नाही सांगितलं कुर्रोने? मेर्चे, तुला सकाळी सांगितलेलं गुपित दुपारी कोळंबीवालीच्या टोपलीत असतं… नाही, ऐक, त्याचं खरंच दुखलं होतं. कंबर नाही, मन. फालीने त्याला म्हाताऱ्या गाढवासारखं मागच्या रांगेत उभं केलं आणि म्हणाला, तू यंदा गाऊ नकोस, नुसते ओठ हलव. इतकी वर्षं ढोल बडवून, सूर धरून बसलेल्या माणसाला ओठ हलव म्हणाला. तानोने त्याला पुढच्या रांगेत घेतलंय. एक ओळ एकट्याने गायला दिलीय. ती ओळ गाताना इथे माझ्यासमोर तो घामाने निथळायचा, पण डोळे असे चमकायचे…

आणि मी का शिवलं?… का म्हणजे… यंदा फालीने दीपगृहाच्या रखवालदारांचे कोट ऑनलाइन मागवले. टोप्यांसकट. मला म्हणाला, तू विश्रांती घे, एन्कार्नी. विश्रांती. अठरा कार्निव्हल मी त्यांची सोंगं शिवली. बटाटे शिवले, नन शिवल्या, ते वर्ष आठवतं ना, बारा नारळ शिवले. दरवर्षी माइकवर नावं सांगतात, शब्द फालीचे, चाल फालीची. शिवलं कुणी ते कुणी सांगत नाही. मी म्हटलं, असू दे, नाव नको. पण काम तरी माझं होतं. तेही पार्सलने आलं. मशीनवर चादर टाकून बसले होते, तर हा तानो दारात आला, टोपी हातात धरून. म्हणाला, आठ हातांचं काम आहे, तुमच्या दोन हातांशिवाय होणार नाही… हो, विरघळले. तू नसतीस विरघळली?

काय?… काय विचारतेस?… कुर्रो आणि मी, क्षणभरही नाही का…

…लिपस्टिक लावायचे. हो. तो यायच्या आधी. मोत्याच्या कुड्यासुद्धा, एकदा… का म्हणजे, कसं सांगू. कुणीतरी दार वाजवायचं, आत यायचं, हात वर करून उभं राहायचं आणि मी म्हणेन तसं वळायचं. माझ्या घरात मी म्हटलं म्हणून कुणी कधी वळलंय का?… एवढंच गं. देवाशपथ एवढंच. एकदा त्याचा हात माझ्या खांद्यावर पडला होता, पण त्यात कापूस होता.

शिव्या दे… मेर्चे?… हसतेयस?… हसतेयस की हुंदका?… दोन्ही. बरं. चालेल. थांब, गॅस बारीक करते, चण्याचं कालवण लागतंय… हं, आले.

काय म्हणालीस?… नाही, त्याआधी. "तिसऱ्या ओळीला फाली श्वास घेतो, तिथे लोक हसतील," असं म्हणालीस ना आत्ता?

तुला कसं माहीत?

…कोळंबीवालीने सांगितलं? कोळंबीवालीला कुठून कळणार? मंडळाच्या खोलीला खिडक्यांवर गाद्या लावल्यात त्यांनी, सूर बाहेर जाऊ नये म्हणून. मी त्याची बायको, मला आजवर एक ओळ ऐकवली नाही. अंघोळ करतानासुद्धा मागच्या वर्षीची गाणी म्हणतो… आणि मघाशी तू दीपगृहवाले म्हणालीस. यंदाचं सोंग तुला कुणी सांगितलं? मला तरी कोटांचं पार्सल दारात आलं म्हणून कळलं… मेर्चे, टाळू नकोस. हे कडवं कुणी लिहिलंय?

…तू.

म्हणजे सगळीच कडवी?… निम्मी. कधीपासून?… तीन राजांच्या सणापासून. जानेवारी सुरू झाल्यापासून. आणि कुठे बसता तुम्ही?… तुझ्या गाडीत? ला कालेतावर, समुद्राकडे तोंड करून?… खिडक्या वर करून… वारा असतो म्हणून. हो, वारा असतोच. आणि मला काय सांगून जातो माहितीय? कोलेस्टेरॉलसाठी चालायला जातो. मी त्याला बूट घेऊन दिले. चांगले, जाड तळव्याचे. महिना उलटला तरी तळवे कोरे, मी म्हटलं काय माल आहे.

वा गं मेर्चे. वा. मी लिपस्टिक लावली म्हणून माझ्यासमोर हुंदके, आणि तू माझा नवरा गाडीत घालून… गाणीच लिहीत होतात हे मला कळतंय. तेच तर लागतंय. मला एक ओळ ऐकवत नाही आणि तुला विचारून लिहितो… काय म्हणतो तो तुला? खरं सांग… "मेर्चे, तुझ्या जिभेला धार आहे." असं म्हणतो. अगं, माझ्या जिभेला धार आहे म्हणतो तेव्हा तो घर सोडून बारमध्ये जातो.

आणि तू? तू का गेलीस?… हं… हं… कुर्रो तुझ्या विनोदावर कधी हसला नाही. लग्नाच्या दिवशीपण नाही… फाली हसतो. हो, तो हसतो. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसतो. मला माहितीय, त्या हसण्यावरच तर मी लग्न केलं.

आता मी विचारते. क्षणभरही नाही?

…हात धरला होता. कुणी कुणाचा?… किती वेळ?… एक कडवं होईपर्यंत. लहान की मोठं?… चार ओळींचं. बरं.

…थांब, हिशेब करतेय. एका बाजूला लिपस्टिक आणि कुड्या, दुसऱ्या बाजूला चार ओळींचा हात. झाली बरोबरी… थोडी तुझी बाजू जड आहे. कुड्या खोट्या होत्या… हसू नकोस मेर्चे, मी अजून रागावलेली आहे. दहा मिनिटं तरी मला रागावू दे.

पण मला एक सांग, तुला कळलं कसं नाही, हे माझं घर आहे म्हणून?… कोळंबीवालीने नाव नाही सांगितलं. नुसतं, ला विन्यात कुठेतरी हिरव्या पडद्याआड रोज दुपारी एक बाप्या चढतो. आणि तू धावत जाऊन त्याचं गाणं केलंस. आपल्याच नवऱ्याचं. आणि दिलंस कुणाला, तर माझ्या नवऱ्याला. अगं, लोक स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतात. तू एका धोंड्यात चौघांचे पाय घेतलेस… आज खालून पडदा बघितलास तेव्हा कळलं… आणि तेवढ्यात जिन्यातून कुर्रो. अरे बापरे. मग बरोबर आहे, सर्दी होणारच.

आता रडून काय उपयोग. आता काय करायचं ते बोल. हे कडवं आज गायचं नाही. मला काही म्हणू देत गं, ला विन्यात तोंड दाबून कोण जगलंय. पण फाली… मेर्चे, त्याच्यावर लोक हसले आणि त्याला नंतर कळलं, की हसू गाण्यावर नव्हतं, तर तो परत कधी गाणार नाही. मी ओळखते त्याला. ओरडणार नाही, ताट सारणार नाही. नुसता गप्प होईल. मला तो ओरडलेला चालतो. गप्प झालेला नाही चालत.

फोन बादलीत… थिएटरच्या मागच्या दाराने आत सोडणार नाहीत, बायकोलासुद्धा नाही… तू दुसरं कडवं लिही. लगेच. तुझ्या जिभेला धार आहे ना?… "निळ्या पडद्याच्या"? अगं, निळा पडदा त्या दंतवैद्याच्या बायकोचा आहे. तिचं तर खरंच चालू आहे… पांढरा? पांढरे सगळ्यांचेच असतात, मग सगळेच नवरे उठून मारायला येतील…

थांब. थांब, थांब. ऐकू येतंय तुला?… ढोल. अगं, निघाले. आमच्याच गल्लीतून येतायत थिएटरकडे… हो, तेच. सोंगावर रेनकोट चढवलेत, कुणाला काही दिसू नये म्हणून. पुढे फाली. गळ्यात मफलर, घसा जपतोय… काय करू?… ओरडू? बाल्कनीतून? गल्ली भरलीय माणसांनी… मेर्चे, फोन ठेवू नकोस. हातात धरून उभी राहतेय, तू आहेसच असं समजून…

फाली… फाली, इकडे. वर बघ… वर रे.

थांबले. सगळे थांबले… बघितलं त्याने. मला हात केला… आता पडद्याकडे बघतोय… अजून पडद्याकडेच बघतोय. मेर्चे, हात खाली आला त्याचा. कळलं त्याला. मागचे अजून हसतायत, त्यांना काही समजलं नाही, पण याला कळलं. चेहरा असा झालाय, जसा त्याच्या बाबांना पोचवून आला तेव्हा होता… मी नाही बघू शकत… नाही, बघते, बघतेय.

फाली, ऐक. तुला वाटतंय तसं नाही. कुर्रो येतो तो मापं द्यायला येतो. मी शिवतेय… तानोकडचं… हो, तानोचं. मी, माझ्या हाताने. तुझ्या पाठीमागे… कारण तू मला विश्रांती दिलीस म्हणून. मला नको होती विश्रांती… सगळ्यांनी ऐकलं तर ऐकू दे… कुर्रोच्या अंगावर मी काय चढवलंय ते तुला सांगितलं तर तुला पटेल. थांब, सांगते. शपथ मोडली तर मोडली. आज तानोची माणसं…

…मेर्चे. मेर्चे, त्याने कानात बोटं घातली.

खरंच सांगतेय. भर गल्लीत, दोन्ही कानांत बोटं घालून उभा आहे, आणि ओरडतोय, सांगू नकोस, शपथ घेतलीयस ना, मग दुसऱ्या मंडळाचं गुपित सांगू नकोस… डोळेपण मिटलेत येड्याने. मागच्या अकरा जणांनापण कान झाका म्हणतोय. झाकले त्यांनी. ढोलवाल्याने ढोल सोडून झाकले… अगं, मी काय करू, मला हसूही येतंय आणि…

नाही सांगत, फाली. काढ बोटं… काढ रे, नाही सांगत… काय विचारतोस?… टाके? पक्के आहेत. तुझ्या त्या पार्सलसारखे नाहीत, पहिल्या पावसात उसवणारे… मेर्चे, गल्ली हसतेय. तोही हसतोय… पूर्ण नाही, अर्धा… आता म्हणतोय, कुर्रोला सांग, तानोकडे गाणार असशील तर पोट आत घे… हो, तुझ्या नवऱ्याचंच पोट. आणि त्याला ओठ हलव म्हणालो ते चुकलं, असं म्हणाला. हळू म्हणाला, पण म्हणाला. मी ऐकलं.

आणि मेर्चे… गाडीचं पण मला कळलंय, असं सांगू त्याला?… आत्ता नको. बरं. उद्या. उद्या त्याला त्या बुटांत खरंच चालायला लावते, ला कालेतापासून थेट तुझ्या घरापर्यंत. मी बरोबर येते. तू कॉफी टाक. आणि तुझी ती कोळंबीची धिरडी कर, नुसत्या कॉफीवर मी माफ करत नसते…

थांब, थांब, काहीतरी करतोय. ढोलवाल्याला खूण केली… मफलर काढला. घसा जपत होता ना आत्तापर्यंत?… मेर्चे, तो गाणार. इथेच. थिएटरच्या आधी कधी गात नाहीत ते, एक सूर बाहेर काढत नाहीत… फोन बाहेर धरते, तू ऐक…

…

ऐकलंस?… नाही आलं ऐकू? वारा होता, हो… मी सांगते. मला पाठ झालं, एकदाच ऐकून.

"माझ्या एन्कार्नीच्या माडीवर, पाहुणा येतो भर दुपारी. मीच तो भोळा राजा, लेको, शिंगं मिरवतो डोक्यावरी." आणि शेवटच्या ओळीला दोन बोटं अशी डोक्यावर धरली आणि गोल फिरला, सगळ्यांना दाखवत. गल्ली वेडी झालीय गं. समोरच्या गच्चीवरून भांडी वाजवतायत… आता लोक त्याला हसतील कसे, तोच आधी हसला ना… थिएटरात पण असंच गाणार म्हणतोय. रेडिओवर…

काय?… पहिल्या ओळीत मात्रा जास्त होतात?… "हिरव्या पडद्याच्या" नीट बसत होतं, "माझ्या एन्कार्नीच्या" बसत नाही?

मेर्चे, अठरा वर्षांत पहिल्यांदा त्या थिएटरात माझं नाव घेतलं जाणार आहे. मात्रा जास्त होतायत तर होऊ देत. ठेवते.